सोलापूरच्या माळावरून रॉकेट का उडत नाही : कुलसेकरपट्टिणम प्रक्षेपण केंद्राचं प्रकरण

भारताकडे श्रीहरिकोटा आहे. १९७१ पासून ते चालू आहे, तिथे दोन मोठे लाँच पॅड आहेत आणि तिसऱ्याला १६ जानेवारी २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. असं असताना तमिळनाडूच्या पार दक्षिणेला, थुथुकुडी जिल्ह्यातल्या कुलसेकरपट्टिणमला दुसरं प्रक्षेपण केंद्र बांधायची वेळ का आली, हा या प्रकरणाचा विषय. पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. खर्च सुमारे ९८६ कोटी. जमीन सुमारे २,२३३ एकर, म्हणजे जेमतेम नऊ चौरस किलोमीटर. आणि तिथून उडणार आहे तो इस्रोचा सगळ्यात लहान उपग्रहवाहक, एसएसएलव्ही.

सोलापुरात स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाला जागेची निवड शिकवताना मी हेच प्रकरण घेतो. धरणाची जागा कशी ठरते हे आमच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. उजनी सगळ्यांनी पाहिलेली असते आणि कित्येकांच्या घरात धरणग्रस्ताचा दाखला असतो. विमानतळाचं तर विचारूच नका, त्यावर पानटपरीवरचा माणूससुद्धा तासभर बोलेल. रॉकेटच्या तळाबद्दल मात्र कोणी आधीच बाजू घेऊन बसलेलं नसतं. त्यामुळे हिशोब कोऱ्या पाटीवरून करता येतो.

सांगोलेकराची बाजू

कोऱ्या पाटीवर पहिला प्रश्न ठरलेला. यंदा तो सांगोल्याकडच्या एका मुलाने विचारला. "सर, ह्ये हिकडं का नाही? आमच्या माळावर चिटपाखरू नाही. सपाट रान, पाऊस नाही, वादळ नाही. समुद्राकाठी खाऱ्या हवेत लोखंड गंजवायचं काय कारण?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कझाकस्तानातलं बैकोनूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. चीनचे च्युचुआन, ताइयुआन आणि शीचांग हे तिन्ही जुने तळ आतल्या भागात आहेत. तेव्हा 'तळ समुद्राकाठीच हवा' हे गृहीत धरून चालत नाही, ते सिद्ध करावं लागतं. मी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं आणि सोलापूरची बाजू त्यालाच मांडायला लावली.

पहिला मुद्दा अक्षांशाचा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेला सोडलेल्या रॉकेटला जमिनीचा वेग फुकट मिळतो. विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला ४६५ मीटर. बाकी ठिकाणी त्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. फ्रेंचांनी अल्जीरियातला तळ सोडल्यावर दक्षिण अमेरिकेतलं कुरू निवडलं, ते अगदी ५ अंशांवर आहे. तिथे ४६३ मिळतात. कुलसेकरपट्टिणमला ४६०, श्रीहरिकोटाला ४५२, सोलापूरला ४४३. बैकोनूरला फक्त ३२४. म्हणजे श्रीहरिकोटाच्या तुलनेत सोलापूरचा तोटा ९ मीटरचा. पाचशे किलोमीटर उंचीवर कक्षेत राहायला सेकंदाला ७,६०० मीटरच्या आसपास वेग लागतो, त्यात ९ मीटर म्हणजे किस झाड की पत्ती.

बाकीचे मुद्देही त्याच्याच बाजूने पडतात. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहोत. पायासाठी मुरूम आणि खाली काळा कातळ. ऑक्टोबर ते डिसेंबर श्रीहरिकोटाला ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळं यांचा धाक असतो, त्याच काळात आपलं आकाश स्वच्छ. रेल्वे आहे, पासष्ट नंबरचा हायवे आहे. वर्गाने टाळ्या वाजवल्या, त्या रास्तच होत्या.

नकाशावरची रेघ

मग मी नकाशा काढला आणि सोलापूरपासून सरळ पूर्वेला रेघ ओढायला सांगितली. सोलापूरचा अक्षांश १७.६६. ही रेघ समुद्राला कुठे मिळते, तर थेट विशाखापट्टणमला, कारण त्याचा अक्षांशही जवळपास तोच. (जाता जाता : त्या किनाऱ्यावर १९४१ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल.) मधलं अंतर पावणेआठशे किलोमीटर, आणि ते सगळं जमिनीवरून.

रेघेच्या दोन्ही अंगांना पन्नास-पन्नास किलोमीटरचा पट्टा आखायला लावला. हा आकडा उदाहरणापुरता माझा. खरा पट्टा रॉकेटप्रमाणे आणि उड्डाणप्रमाणे बदलतो. त्या पट्ट्यात काय काय सापडलं? आधी अक्कलकोट. मग गुलबर्गा, बिदर, झहीराबाद. मग अख्खं हैदराबाद. पुढे वरंगळ. पट्ट्याचं क्षेत्रफळ ७८,००० चौरस किलोमीटर. सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्यासारख्या पाच जिल्ह्यांहून जास्त.

आता या पट्ट्यात काय पडतं ते बघा. रॉकेट म्हणजे एकावर एक रचलेले टप्पे. जळून रिकामा झालेला टप्पा गळून पडतो, आणि तो पडणं हा बिघाड नसतो, प्रत्येक यशस्वी उड्डाणाचा तो ठरलेला भाग असतो. इस्रोच्या नेहमीच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या बाजूच्या जोडमोटरी (मोटर म्हणजे घन इंधनाचं इंजिन) उड्डाणानंतर मिनिटभराने सुटतात, पहिला टप्पा दोन मिनिटांच्या आत. पहिल्या टप्प्याचं कवच काही टन वजनाचं असतं आणि तळापासून काहीशे किलोमीटरवर येऊन आदळतं. श्रीहरिकोटाहून ते बंगालच्या उपसागरात जातं. सोलापूरहून ते याच पट्ट्यात कुठेतरी जमिनीवर उतरेल.

बिघाड झाला तर काय, हा प्रश्न निराळा. २५ डिसेंबर २०१० ला इस्रोचं जीएसएलव्ही-एफ०६ हे रॉकेट उडाल्यावर मिनिटभरातच भरकटलं आणि तळावरून आज्ञा देऊन ते हवेतच उडवून टाकण्यात आलं. तुकडे समुद्रात पडले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आगीचा लोळ छापून आला, कोणाच्या घराचा फोटो छापायची वेळ आली नाही. चीनच्या शीचांगला १५ फेब्रुवारी १९९६ ला लाँग मार्च-३बी उडताक्षणी कलंडलं आणि जवळच्या टेकडीवर कोसळलं. अधिकृत आकडा सहा मृतांचा आहे. चीनमध्ये आजही काही उड्डाणांआधी पट्ट्यातल्या गावांतली माणसं हलवावी लागतात आणि तरी रिकामे टप्पे शेतात येऊन पडतात. हे तळ आतल्या भागात बांधले ते शीतयुद्धात शत्रूपासून लांब ठेवायचे म्हणून. पुढे चीननेही हैनान बेटावर वेनचांगचा किनारी तळ बांधला आणि २०१६ मध्ये तिथून पहिलं उड्डाण झालं. मला त्या देशाचा हा कबुलीजबाबच वाटतो.

"मग पट्ट्यातली जमीन घ्यायची नाही, नुसतं बंधन घालायचं," एक मुलगी म्हणाली. आमच्या जिल्ह्याला हा प्रयोग तोंडपाठ आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरवर, सोलापूर आणि नगर मिळून. जमीन कोणाची घेतली नाही, फक्त नकाशावर रंग भरला. त्यानंतर खरेदी-विक्री, बांधकाम, विहीर यांसाठी लोकांनी काढलेले हेलपाटे घराघरात ऐकायला मिळतात. शेवटी ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. ८,४९६ पेलले नाहीत तिथे ७८,००० कसले पेलतात! सांगोलेकराने खडू खाली ठेवला.

पण बसला नाही. "मग कोकण?" कोकणातून पूर्वेला सोडलं तर समोर सह्याद्री आणि आपणच. पश्चिमेला सोडलं तर पृथ्वीचा फुकटचा वेग उलटा अंगावर येतो. इस्रायल तसं करतं, पाल्माखिमहून भूमध्य समुद्रावर पश्चिमेकडे सोडतं, कारण त्याच्या पूर्वेला शेजारी देश आहेत. मजबुरीचा मामला आहे तो. राहिली दक्षिण. रत्नागिरीहून दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे कललेली रेघ ओढा, ती लक्षद्वीपवरून किंवा अगदी जवळून जाते आणि पुढे मालदीव आहेच. ही रेघ मुलांनी स्वतः ओढली आणि इथून पुढे वर्ग खरा जागा झाला, कारण आता त्यांना कळलं की तळाची जागा शोधताना पायाखालच्या जमिनीपेक्षा समोरची हजार-दोन हजार किलोमीटर आधी बघायची असतात.

श्रीलंकेचा वळसा

श्रीहरिकोटाची निवड १९६९ मध्ये झाली. त्याआधीचं थुंबा, २१ नोव्हेंबर १९६३ ला जिथून पहिलं रॉकेट उडालं, ते केरळच्या पश्चिम किनाऱ्यावर, चुंबकीय विषुववृत्ताजवळ होतं. वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या छोट्या रॉकेटांना ते उत्तम. उपग्रह कक्षेत सोडायचा तर पूर्वेला मोकळा समुद्र हवा, म्हणून विक्रम साराभाईंच्या मंडळींनी पूर्व किनारा धुंडाळला. थुंबा आणि श्रीहरिकोटा या दोन्ही जागा हेरण्यात कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांचा वाटा मोठा होता. अवकाश कार्यक्रमातल्या मराठी माणसांची नावं सांगताना आपण हे नाव फार क्वचित घेतो.

जागाही तशीच सापडली. एका बाजूला पुलिकतचं सरोवर, दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर, मध्ये नीलगिरी आणि सुरूची लागवड असलेलं लांबट बेट. किनाऱ्याची लांबी २७ किलोमीटर, वस्ती तुरळक. ती प्रामुख्याने यानादी या आदिवासी समाजाची. ९ ऑक्टोबर १९७१ ला तिथून पहिलं रोहिणी-१२५ उडालं. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ समुद्रात कोसळलं आणि १८ जुलै १९८० ला तेच यशस्वी झालं. दोन्ही वेळा समोरच्या रिकाम्या समुद्राने आपलं काम चोख केलं.

अडचण दक्षिणेला आहे. पृथ्वीची पाहणी करणारे उपग्रह, म्हणजे पिकं, धरणांतला साठा, ढग बघणारे, ध्रुवांवरून जाणाऱ्या, म्हणजे ध्रुवीय कक्षेत फिरतात. त्यासाठी रॉकेट जवळजवळ सरळ दक्षिणेला जायला हवं. श्रीहरिकोटाहून सरळ दक्षिणेला रेघ ओढली तर ऐंशी किलोमीटरवर चेन्नई, आणि चेन्नई ओलांडली की श्रीलंका. म्हणून तिथून सोडलेलं पीएसएलव्ही आधी आग्नेयेला, उत्तरेपासून मोजून साधारण १४० अंशांच्या दिशेने निघतं, बेटाच्या बाहेरून जातं आणि मग दक्षिणेकडे वळतं. इस्रोत याला डॉगलेग म्हणतात. १९९३ पासून पीएसएलव्ही हा वळसा घेत आलं आहे.

वळसा घ्यायला काय लागतं हे फळ्यावर करून बघण्यासारखं आहे. रस्त्यावर गाडी वळते तेव्हा टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण तिला वळवतं. वर हवाच नाही, त्यामुळे दिशा बदलायची म्हणजे इंधन जाळून आडवा वेग निर्माण करायचा. सूत्र सोपं : वेगाची दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचं साइन. सेकंदाला २ किलोमीटर वेगाने जाताना एका झटक्यात ३० अंश वळायचं तर १,०३५ मीटरचा जादा वेग खर्ची पडतो. प्रत्यक्षात वळण झटक्यात घेत नाहीत, वेग वाढत असतानाच थोडं थोडं घेतात, त्यामुळे खर्च कमी बसतो. पण खर्च बसतोच. पृथ्वीच्या फिरण्यातून मिळणाऱ्या पाव-अर्ध्या किलोमीटरसाठी आपण अक्षांश मोजत होतो, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

आणि हा खर्च निघतो कुठून? टप्प्यांची कवचं, नळ्या, संगणक यांचं वजन कमी होत नाही. कमी करता येतो तो फक्त वरचा उपग्रह. पीएसएलव्ही ३२० टनांचं. वळसा घालूनही ते ध्रुवीय कक्षेत १,७५० किलो नेतं. एसएसएलव्ही १२० टनांचं, ३४ मीटर उंच, आणि पाचशे किलोमीटरच्या सोप्या कक्षेत त्याची क्षमता पाचशे किलोची. वीस एकरवाल्याचा एक एकर रस्त्यात गेला तर तो कुरकुरतो. दीड एकरवाल्याचा गेला तर त्याची शेतीच मोडते. एसएसएलव्ही हा दीड एकरवाला. त्यात त्याचे खालचे तिन्ही टप्पे घन इंधनाचे : एकदा पेटवले की मध्येच बंद करून, हिशोब करून पुन्हा पेटवायची सोय नाही.

कुलसेकरपट्टिणम ८.४ अंशांवर, श्रीलंकेच्या पश्चिमेला. तिथून दक्षिणेला रेघ ओढली तर डावीकडे श्रीलंका राहते, उजवीकडे बरंच लांब मालदीव, आणि मधून थेट अंटार्क्टिकापर्यंत मोठी वस्ती नाही. वळसा नको. उलट पूर्वेच्या उड्डाणांसाठी ही जागा कुचकामाची, कारण तिथे श्रीलंका समोर येते. म्हणून श्रीहरिकोटा कुठेही जात नाही; अर्धी होकायंत्राची तबकडी त्याच्याकडे, उरलेल्या अर्ध्यातला एक पातळ पण मोलाचा काप कुलसेकरपट्टिणमकडे.

मला विचाराल तर या प्रकरणातला खरा निर्णय जागेचा नव्हताच, रॉकेटचा होता. लहान उपग्रहांसाठी लहान, स्वस्त, झटपट जुळणारं रॉकेट करायचं ठरलं तेव्हाच दुसरा तळ अटळ झाला. ७ ऑगस्ट २०२२ चं एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं, १० फेब्रुवारी २०२३ चं जमलं, १६ ऑगस्ट २०२४ चंही. जून २०२५ मध्ये हे रॉकेट बनवण्याचं तंत्रज्ञान घेण्यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची निवड झाली, बोली ५११ कोटींची. ही कंपनी १९४० मध्ये बंगळुरात सुरू केली ती वालचंद हिराचंदांनीच. आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर इस्रोच्या मोठ्या मोटरींची कवचं बनवतं. वर्गातल्या मुलांना तळ मिळाला नाही याचं जे वाईट वाटतं, ते इथे थोडं भरून निघतं.

वाळूत बांधकाम

खर्चाकडे बघून मुलं चक्रावतात. अख्ख्या नव्या केंद्राला ९८६ कोटी, आणि श्रीहरिकोटात, जिथे जमीन, रस्ते, पाणी, वसाहत सगळं आधीच आहे, तिथल्या फक्त तिसऱ्या पॅडला ३,९८४.८६ कोटी. पण तो पॅड तीस टन वाहून नेणाऱ्या पुढच्या पिढीच्या रॉकेटसाठी आहे. त्याला द्रवरूप इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन लागतो. म्हणजे टाक्या, अतिथंड नळ्या, पंप, आणि गळती झाली तर काय करायचं याची वेगळी यंत्रणा. एसएसएलव्हीच्या मोटरी भरूनच येतात. श्रीहरिकोटाचा दुसरा पॅड रांचीच्या मेकॉनने मार्च १९९९ ते डिसेंबर २००३ या काळात सुमारे चारशे कोटींत उभा केला आणि तिथून पहिलं उड्डाण ५ मे २००५ ला झालं. बांधून झाल्यापासून उडेपर्यंतची ती सव्वा-दीड वर्षं आमच्या मुलांच्या बारचार्टमध्ये, म्हणजे कामाच्या वेळापत्रकात, कधीच नसतात. चाचण्यांना वेळ लागतो हे आमच्या अभ्यासक्रमाला अजून पटायचं आहे.

कुलसेकरपट्टिणमला पस्तीस वेगवेगळ्या सुविधा आणि एक सरकता प्रक्षेपण-मनोरा योजलेला आहे. वर्षाला चोवीस उड्डाणांची क्षमता धरली आहे. यातलं प्रत्येक बांधकाम कुठे बसवायचं ते स्फोटकांच्या अंतराच्या नियमाने ठरतं. सुरक्षित अंतर स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं : साठा आठपट झाला तर अंतर दुप्पट. घन इंधनाची मोटर साठवणीत असतानाही तिला हलक्यात घ्यायचं नसतं. २३ फेब्रुवारी २००४ ला श्रीहरिकोटाच्या घन इंधन विभागात आग भडकून सहा जण गेले, तेव्हा कुठलंही उड्डाण चालू नव्हतं.

इथे मी मुलांना एक छोटं गणित देतो. नऊ चौरस किलोमीटर जमीन आहे. पॅड मधोमध ठेवला तर भोवती किती त्रिज्येचं रिकामं वर्तुळ मिळेल? १.७ किलोमीटर. आता पॅड किनाऱ्यावर ठेवा, अर्धं वर्तुळ समुद्रात जाऊ द्या. त्याच जमिनीत त्रिज्या २.४ किलोमीटर होते. किनाऱ्याचा हा दुसरा फायदा सहसा कोणी सांगत नाही, आणि भूसंपादनाच्या दृष्टीने तोच मोठा आहे.

किनाऱ्याची किंमतही मोजावी लागते. हा भाग तांबड्या वाळूचा, ताडांचा, एरवी कमी पावसाचा. सोलापूरकराला ओळखीचा वाटावा असा कोरडा. पण डिसेंबर २०२३ मध्ये, पायाभरणीच्या दोनच महिने आधी, जवळच्या कायलपट्टिणमला चोवीस तासांत सुमारे ९५ सेंटीमीटर पाऊस झाला. सोलापुरात वर्षभरातसुद्धा एवढा पडत नाही. मुलांनी काढलेल्या आराखड्यांत ज्वाळा बाहेर वळवणारा खंदक सगळ्यात खोल बिंदूवर असतो, आणि अशा रात्री सगळं पाणी नेमकं तिथेच धाव घेईल. पंप कुठे, वीज गेली तर काय, वाळूची भिंत ढासळू नये म्हणून काय, यावर मी एक पूर्ण तास घालवतो. रॉकेटबद्दल बोलायला सगळे पुढे असतात, गटाराबद्दल विचारलं की बाकावर शांतता.

समुद्राचा सातबारा

हद्दीबाहेरच्या उंचीवर, वस्तीवर आपला हक्क किती, हे सोलापूरला शिकवायला नको. साखर कारखान्याची एक चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला, ती जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि गोव्याचं विमान २०२५ मध्ये उडालं. बोरामणीच्या नव्या विमानतळासाठी जमीन घेऊन झाली, तरी मधल्या वनजमिनीच्या गुंत्यात काम अडकलं. कुलसेकरपट्टिणमला हा ताण उलट्या बाजूने येणार आहे. तमिळनाडूने २०२५ मध्ये अवकाश उद्योगाचं धोरण आणलं, त्यात थुथुकुडीसारख्या जिल्ह्यांत कारखान्यांना सवलती आहेत. कारखान्यांना तळाच्या जवळ यायचं असतं, आणि तळाला जवळ कोणी नको असतं. आजचं रिकामं रान दहा वर्षांनी रिकामं ठेवायचं असेल तर विकास आराखड्यातली आरक्षणं आत्ताच टाकायला हवीत. चिमणी उभी राहिल्यावर नाही.

गावाचं स्वतःचं पंचांगही आहे. कुलसेकरपट्टिणमच्या मुत्तारम्मन देवीचा दसरा मोठा, लाखोंची गर्दी. त्या दहा दिवसांत मोटरी वाहून नेणारे ट्रेलर त्या रस्त्यावर आणता येत नाहीत. पंढरपूरच्या एका मुलीने हे न सांगता वेळापत्रकात घातलं होतं. आषाढीत कोणता रस्ता बंद असतो हे लहानपणापासून माहीत असलं की असं सुचतं.

जमिनीची भरपाई कशी मागायची हे खेड्यातल्या माणसाला आता कळतं. मोजणी, फळझाडं, विहीर, घर, सगळ्याचा पंचनामा होतो, आणि दर पटला नाही तर कोर्ट आहे. ब्राझीलने ऐंशीच्या दशकात अल्कांतारा तळासाठी किलोंबोला समाजाची तीनशेवर कुटुंबं हलवली, त्याचा वाद चाळीस वर्षं मिटला नाही. तेव्हा जमिनीची बाजू कमी लेखू नये. पण कुलसेकरपट्टिणमला ज्यांचं रोजचं पोट या तळाशी बांधलं जाणार आहे त्यातले पुष्कळ जण मच्छीमार आहेत, आणि समुद्राला सातबारा नसतो. उड्डाणाच्या दिवशी ठरलेल्या पट्ट्यात होड्यांना जायला मनाई. श्रीहरिकोटाला एवढं खुपत नाही, कारण उड्डाणं कमी. इथे पूर्ण क्षमतेने चाललं तर महिन्याला दोन.

माझ्या वर्गातल्या एका गटाने यावर तोडगा सुचवला तो मला सरकारी आराखड्यातही असावासा वाटतो. पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या पैदाशीसाठी. जमतील तेवढी उड्डाणं त्या दोन महिन्यांत ओढायची. उपग्रहाच्या मालकाला आठवडा-पंधरवडा इकडे-तिकडे चालत असेल तर हे करता येतं.

मी त्यांना अडवलं ते दोन जागी. हाताने वल्हवायच्या लहान होड्या त्या बंदीत येत नाहीत. उलट मोठ्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना त्यांना भाव बरा मिळतो, आणि तुम्ही नेमकं त्याच दिवसांत त्यांचं पाणी अडवणार. दुसरं, उड्डाण ढगांमुळे किंवा वाऱ्यामुळे पुढे ढकललं तर समुद्र दुसऱ्या दिवशीही बंद, कधी तिसऱ्याही. सकाळी होडी बाहेर काढलेली नाही आणि संध्याकाळी रॉकेटही उडालेलं नाही, असा दिवस कोणाच्या खात्यावर टाकायचा? गटाने आपला तक्ता खोडला आणि भरपाईचा रकाना उड्डाणांच्या संख्येऐवजी सूचना लागलेल्या दिवसांवर बांधला, लहान होड्यांना वेगळा दर धरून. चोवीसच्या जागी किती दिवस धरायचे यावर ते अजून भांडताहेत.